भाचरांसोबत घरीच स्वस्तातली कुल्फी-कांडी करायची आहे. फ्रीज छोटा, दुपारी लाईट नाही. कसं जमवावं?

केळीवाला मामा

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. चार एकर केळी आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण सुरतेहून तिची तिन्ही पोरं घेऊन माहेरी आली. धाकट्या भावाची दोन पोरंही सुटीला इथंच आहेत. माझी पोरगी धरून सहा झाली. सगळ्यात मोठी भाची बारा वर्षांची आणि सगळ्यात लहान पुतण्या चारचा, त्याला सगळे बारकू म्हणतात.

मी पहाटे पाचला शेतात जातो आणि साडेअकराच्या आत घरी येतो. त्यानंतर चारपर्यंत बागेत उभं राहवत नाही, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. बाया सकाळपासून कुरडया-पापडाच्या मागे असतात, दुपारी दमून आडव्या होतात. त्यामुळे बारा ते चार सहाही पोरं माझ्याकडे. आणि खरं सांगतो, वर्षातले हेच पंधरा दिवस मला सगळ्यात आवडतात.

दोनच्या सुमारास गारेगारवाल्याचा पोंगा वाजतो. दहा रुपयाला एक कांडी, म्हणजे रोजचे साठ. पैशाचं एक वेळ सोडा. मागच्या उन्हाळ्यात मधल्या भाच्याला जुलाब-उलट्या झाल्या आणि दोन दिवस सलाईन लावावं लागलं. नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही, पण आदल्या दिवशी त्यानं तीन कांड्या खाल्ल्या होत्या. बहीण तेव्हा काही बोलली नाही. माझ्या मात्र ते डोक्यातून जात नाही. पोरं माझ्या भरवशावर सोडलेली होती.

म्हणून यंदा ठरवलं की घरीच करायचं, आणि पोरांच्या हातानं करायचं. आतापर्यंत तीन प्रयत्न झाले आणि तिन्ही फसले.

पहिल्यांदा लिंबाचं सरबत स्टीलच्या पेल्यांत ओतून चमचे उभे केले. गोठलं, पण दोनदा चोखल्यावर सगळी चव निघून गेली आणि हातात नुसता पांढरा बर्फ उरला.

दुसऱ्यांदा पिकलेली केळी सालीसकट फ्रीजरमध्ये टाकली. सकाळी कोळशासारखी काळी. साल निघेना, नखं दुखली. बारकू रडला.

तिसऱ्यांदा कुल्फी. लिटरभर दूध आटवलं आणि प्रत्येक पोराला आपापल्या हातानं साखर घालू दिली. चौदा तास ठेवूनही गोळाच झाला नाही, खिरीसारखी राहिली.

अडचणी अशा. एका दाराचा जुना फ्रीज, वरचा बर्फाचा कप्पा एवढासा, एका वेळी आठ पेले कसेबसे बसतात. दुपारी तीन-चार तास लाईट नसते. साचे नाहीत आणि विकत घ्यायचे नाहीत. आठवड्याला दोनशे रुपयांच्या आत बसवायचं आहे. केळी मात्र हवी तेवढी आहेत. गाडी भरताना डाग पडलेल्या, दबलेल्या फण्या बाजूला निघतात, त्या घरातच पिकतात. जिजी (माझी आई) त्या गाईला घालते, शेजारी वाटते, तरी उरतात.

आयतं हातात द्यायचं नाही, असं मी का म्हणतो तेही सांगतो. आम्ही लहान असताना नाना फैजपूरच्या बाजारातून सायकलच्या कॅरिअरला बर्फाचा तुकडा बांधून आणायचे, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. घरी येईपर्यंत निम्मा वितळलेला असायचा. तो धुवायचा, गोणपाटात ठेवून वरवंट्यानं फोडायचा, मग गुळाचं पाणी आणि लिंबू. चव काय होती ते आता आठवत नाही. फोडायची पाळी कुणाची यावरून झालेली भांडणं मात्र सगळी आठवतात. या पोरांच्या वाट्याला तसलं काहीतरी यावं एवढंच वाटतं.

जाणकारांनी सांगावं.

गिरणेकाठची

दादा, केळी घरची आहेत म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. मी जळगावात राहते, माहेर पाचोऱ्याकडचं. आमच्या घरी उन्हाळाभर केळ्याचंच आईस्क्रीम असतं. त्यात दूध नाही, साखर नाही, आटवायची भानगड नाही.

केळं सालीसकट कधीच गोठवू नका. गारठ्यानं साल काळी पडते आणि गराला चिकटून बसते. सोलायचं आधीच. केळं निवडताना सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं घ्या. पिकताना केळ्यातल्या पिठाची साखर होत जाते, म्हणून ठिपकेवालं सगळ्यात गोड. हिरवट दांड्याचं घेतलं तर आईस्क्रीम तुरट लागतं आणि पोरं दुसऱ्यांदा मागत नाहीत.

सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करा. हे काम चार वर्षांचा बारकूसुद्धा करेल, केळं कापायला सुरी लागत नाही, चमच्याची कड पुरते. सहा केळ्यांना अर्ध्या लिंबाचा रस चोळा, म्हणजे गर काळा पडत नाही. चकत्या ताटात एकमेकींना न चिकटता पसरा. ताट तुमच्या कप्प्यात मावेल असं बघा, नाहीतर पोह्यांच्या दोन थाळ्या घ्या. रात्री ठेवल्या की सकाळी दगड.

मग मिक्सर. इथं घाई करू नका. चकत्या बाहेर काढून पाच मिनिटं तशाच ठेवा. भांडं निम्मंच भरा. दोन सेकंद फिरवा, थांबा, चमच्यानं खाली ढकला, परत फिरवा. सुरुवातीला रव्यासारखा भुगा होतो आणि वाटतं की बिघडलं. थांबायचं नाही. आणखी चार-पाच वेळा फिरवलं की एकदम लोण्यासारखं होतं. पोरांना तो क्षण भांड्याच्या झाकणातून बघू द्या. माझ्या मुली अजूनही त्यासाठी मिक्सरजवळ उभ्या राहतात, आणि मोठी आता कॉलेजला आहे.

केळ्यात तंतू आणि पेक्टिन भरपूर असतं. त्यामुळे पाण्याचे मोठे खडे होत नाहीत आणि साय घातल्यासारखं लागतं. कलिंगडाचं असं होणार नाही, त्यात पाणीच पाणी.

वरून भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि किसलेला गूळ घाला, आमच्याकडचं आवडतं हेच. बाजारात महागडं मिळतं ते याच्यापुढे काहीच नाही, हे मी मनापासून सांगते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याच घरांत शिकरणापलीकडे केळं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

लगेच खायचं असतं हे मात्र लक्षात ठेवा. परत गोठवलं की घट्ट होतं, पुन्हा मिक्सरला लावावं लागतं. म्हणजे सकाळी लाईट असताना करून अकराच्या आत वाट्या हातात द्या. दुपारच्यासाठी दुसरं काहीतरी लागेल.

भुसावळ जंक्शन

मामासाहेब, तुमच्या सरबताच्या आणि कुल्फीच्या प्रयत्नांचं कारण एकाच ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी रेल्वेतून निवृत्त झालोय, नोकरीतली बरीच वर्षं थंड करणाऱ्या यंत्रांवर गेली.

पाणी गोठताना शुद्ध पाणी आधी गोठतं. साखर, मीठ, लिंबू हे सगळं उरलेल्या पाण्यात ढकललं जातं. सावकाश गोठलं तर कांडीच्या आत गोड पाण्याच्या बारीक वाटा तयार होतात. पोरगं चोखतं तेव्हा ते गोड पाणी आधी तोंडात येतं आणि बर्फाचा सांगाडा मागे राहतो. उपाय दोन. लवकर गोठवा, आणि पातळ सरबताऐवजी काहीतरी दाट घाला. फळाचा गर घाला किंवा साबुदाण्याची पातळ पेज. दोन चमचे साबुदाणा अर्धा लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळून घेतला तरी फरक कळेल.

कुल्फीचं उलट झालं. साखर जितकी जास्त तितका गोठायचा बिंदू खाली जातो. सहा पोरांनी सहा मुठी घातल्या, मग एका दाराच्या जुन्या कप्प्याला ते झेपणार कसं? लिटरभर दूध पाऊण लिटरच्या थोडं खाली आणा आणि त्याला जेवणाचे मोठे सात सपाट चमचे साखर घाला. कोमट असताना किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते. पण सात म्हणजे सात. गॅस वाचवायचा असेल तर इतकं आटवूही नका. थोडं आटलं की कडा काढलेल्या पावाच्या दोन स्लाइस दुधात कुस्करून मिक्सरमधून काढा, दाटपणा येतो.

आता फ्रीज. कप्प्याभोवती बोटभर बर्फ साचलाय का बघा. तो बर्फ गोधडीसारखं काम करतो, गारवा आत येऊ देत नाही. फ्रीज बंद करून तो वितळवा. सुरीनं खरवडू नका, आतली गॅसची नळी फुटते आणि कप्पा कायमचा जातो. ही चूक मी लोकांच्या घरी फार वेळा पाहिली आहे. नंतर बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर, पेले स्टीलचे, आणि पेल्याचा तळ कप्प्याच्या पत्र्याला टेकलेला. मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवायचं. पेला काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. रात्री दहाला ठेवून सकाळी सहापर्यंत दार उघडायचं नाही.

दुपारी लाईट गेल्यावर काय, तर मिठाच्या पाण्याची बाटली. लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवून प्लास्टिकच्या दोन बाटल्या पाऊण भरा आणि कप्प्यात आडव्या टाका. साध्या पाण्याचा बर्फ शून्याला वितळतो, पण कुल्फी त्याच्या आधीच मऊ पडायला लागते. मिठाचं पाणी शून्याच्या तीन-चार अंश खाली वितळतं, म्हणून ते कुल्फीला धरून ठेवतं. तीन तास सहज निघतात. बाटलीवर ‘मीठ’ असं लिहून ठेवा, घाईत कुणी प्यायला नको.

आणि तुम्हाला वरवंट्याच्या भांडणासारखं काहीतरी हवंय ना? मग बादलीचं आईस्क्रीम करा. त्याला लाईट लागत नाही. अर्धा लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, कुल्फीच्याच गार केलेल्या दुधानं दोन तृतीयांश भरा. बादलीत मधोमध ठेवा. भोवती फोडलेला बर्फ तीन भाग, खडेमीठ एक भाग, असे थर द्या. चार किलो बर्फाला सव्वा किलो मीठ पुरतं. मीठ लागलं की बर्फ वितळतो, वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातून ओढतो. नीट जमलं तर असं मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत जाऊ शकतं. अंगणातल्या बादलीत तितकं होत नाही, पण गोठायला पुरेसं होतं. वरून ओलं गोणपाट झाका. डबा वरच्या कडेला धरून अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा सतत फिरवायचा. दर सात-आठ मिनिटांनी झाकण स्वच्छ पुसून उघडा आणि कडेला लागलेलं लाकडी चमच्यानं खरवडून आत घ्या. पाऊण तासात होतं. सहा जणांनी शंभर शंभर आकडे मोजत पाळ्या लावल्या तर कुणाचाच हात भरून येणार नाही.

शहाद्याची नर्सताई

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. मी फक्त पोटाचं बोलते.

गोठवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे झोपून राहतात. म्हणून कांडीचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं असो की नळाचं, उन्हाळ्यात पाणी तळाशी गेलेलं असतं. मिक्सरचं भांडं, पेले, चमचे वापरण्याआधी गरम पाण्यानं धुवा. पोरांचे हात साबणानं, नखांसकट. विकतच्या कांडीत नेमकं पाणी कुठलं हे आपल्याला दिसत नाही, घरी ते आपल्या हातात असतं, एवढाच फरक आहे.

बर्फाबद्दल: खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा, असा नियम आपल्या राज्यात २०१८ साली आला. भुसावळच्या काकांच्या बादलीत बाहेरून तसला बर्फ चालेल असं वाटेल, पण पोरं बर्फाचा खडा तोंडात टाकणारच. तुम्ही त्यांना कितीदा अडवणार? घरीच उकळलेल्या पाण्याचा बर्फ दोन-तीन रात्री साठवून पिशवीत भरा.

मीठ घातलेल्या बर्फाला उघडा हात लावू देऊ नका, चामडी भाजल्यासारखी होते. जाड फडकं हाती द्या. धातूचा चमचा फ्रीजरमधून काढल्या काढल्या बारकूनं जिभेला लावायचा नाही, चिकटतो.

चार वर्षांच्या पोराला अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूटच द्या. आणि मामा, मागच्या वर्षीचं मनात धरून बसू नका. जुलाब सुरू झाल्यावर तुम्ही पोराला वेळेवर नेलंत, हेच महत्त्वाचं होतं.

अमळनेरची आजी

बाळा, तुझं वाचून माझे दिवस आठवले. आमच्याकडं तर फ्रीजच नव्हता.

मला एक पटत नाही. भर दुपारी, उन्हातून आल्या आल्या पोराच्या हाती बर्फ द्यायचा नाही. आधी घोटभर माठातलं पाणी, अंगाचा घाम सुकू दे, मग काय द्यायचं ते दे. घसा धरतो की नाही यावर डॉक्टर काहीही म्हणोत, मी आठ नातवंडं वाढवली आहेत.

केळ्या-दुधाचं सगळ्यांनी सांगितलं, पण झाडाखाली पडलेल्या कैऱ्यांचं कुणी बोललं नाही. वारं सुटलं की किती पडतात! दोन मोठ्या कैऱ्या उकड, गर काढ. एक वाटी गराला एक वाटी चिरलेला गूळ, तीन वाट्या उकळून गार केलेलं पाणी, वेलदोडा, चिमूटभर मीठ. मीठ चिमूटभरच, भुसावळवाल्या भाऊंनी सांगितलं तसं जास्त झालं तर गोठायचं नाही. पेल्यात भरून काडी उभी कर. काडी आडवी पडते म्हणतात, तर दोन तास थांबून पन्हं घट्टसर झालं की मग खोच. ही कांडी चोखून पांढरी पडत नाही, गर असतो ना त्यात.

आणि आखाजीला घागरीवर ठेवलेलं डांगर (खरबूज) घरात असेलच. त्याच्या बिया काढ, गर चमच्यानं कुस्कर, जरा साखर टाक आणि गोठव. बिया फेकू नकोस, धुऊन वाळव. पोरींना त्या सोलत बसायला आवडतं, दुपार निघून जाते.

केळीवाला मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले कारण रोज काहीतरी करत होतो आणि रात्री डोळे मिटायचे.

आधी फ्रीज वितळवला. कप्प्याभोवती खरंच दीड बोट बर्फ होता. भुसावळच्या काकांनी नळीचं सांगितलं नसतं तर मी विळ्यानंच खरवडणार होतो, विळा हातात घेतलाही होता.

केळ्याचं पहिल्याच दिवशी जमलं. भुगा झाला तेव्हा पोरं माझ्याकडे बघत होती, मी झाकण दाबून धरलं होतं. आणि मग ते लोण्यासारखं झालं! मधला भाचा, तोच मागच्या वर्षी आजारी पडलेला, ओरडत ओसरीपर्यंत पळत गेला. जिजी बाहेर आली, “काय करू राह्यले रे पोरंहो?” तिला वाटीभर दिलं. तिला दात नाहीत, थंड सोसत नाही, तरी तिनं सगळं संपवलं आणि म्हणाली की आपलं केळं इतकं चांगलं लागतं हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नाही. ती आता गाईला फण्या घालताना ठिपकेवाल्या बाजूला काढून ठेवते.

बादलीचं पहिल्यांदा बिघडलं. डब्याचं झाकण सैल होतं, खारं पाणी आत गेलं आणि अर्धा लिटर दूध फुकट गेलं. पोरांची तोंडं उतरली. मोठ्या भाचीनं डोकं लावलं, झाकणाखाली धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घातला आणि डबा कधीच अर्ध्याच्या वर बर्फात बुडू द्यायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली बादली मांडली. लाईट गेलेली, घरात पंखा बंद. पाळ्या लावल्या. बारकूला शंभर मोजता येत नाहीत, त्याला वीस दिले. तो वीस संपले की परत एकपासून सुरू करायचा आणि कुणी त्याला थांबवलं नाही. पंचावन्न मिनिटं लागली. पाऊण तास सांगितला होता, पण बर्फ आमच्याकडं जरा कमी पडला. प्रत्येकाला चार-चार चमचे आलं. घट्ट नव्हतं, मऊच होतं. सहाही जणं गप्प बसून खात होती.

एक गोष्ट शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगावी म्हणून लिहितो. बादलीतलं खारं पाणी झाडाला घालू नका. पोरं ते जिजीच्या मोगऱ्याला ओतायला निघाली होती. मी ते पसरट परातीत ओतून गच्चीवर ठेवलं. या उन्हात दोन दिवसांत पाणी उडालं आणि मीठ परत मिळालं. खायचं नाही, पण पुढच्या बादलीला चालतं. ते मीठ तयार होताना बघायला पोरं दर तासाला गच्चीवर जात होती, मलाच त्यांना उन्हातून खाली आणावं लागायचं.

कुल्फीला सात चमचे साखर, मोजून. साखरेचा चमचा आता भाचीच्याच हातात असतो. पावाच्या स्लाइस घातल्या तरी कुणाला कळलं नाही. पेल्यातून कुल्फी निघत नव्हती, तर पेला दहा आकडे मोजेपर्यंत साध्या पाण्यात धरला की अलगद सुटते. मिठाच्या बाटल्यांनी कमाल केली. लाईट बाराला गेली, साडेतीनला आली, कुल्फी तशीच.

आजी, तुमचं ऐकून आधी माठाचं पाणी आणि मग कांडी असाच नियम केलाय. पन्ह्याची कांडी बहिणीला सगळ्यात आवडली. तिनं रात्री अंगणात खाटेवर बसून दोन खाल्ल्या आणि मागच्या वर्षीचा विषय तिनंच काढला. म्हणाली, दादा, तू त्या रात्री त्याच्या उशाशी जागा होतास ते मला माहीत आहे. मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

भाचीच्या वहीतला आठ दिवसांचा हिशेब: दूध तीन लिटर १८० रुपये, साखर आणि गूळ ६०, लिंबं २०, खडेमीठ २५, काड्यांचं पाकीट ३०. एकूण ३१५. त्यात कुल्फ्या २६, पन्ह्याच्या कांड्या २४, बादलीचं आईस्क्रीम एकदा आणि वाया गेलेलं एकदा. केळ्याच्या वाट्या कुणी मोजल्या नाहीत. कैऱ्या, डांगर, केळी घरचीच. गारेगारवाल्याचे ४८० झाले असते. त्याच्याकडूनही पोरांनी एक दिवस घेतलंच, तोही याच गावचा माणूस आहे, आणि मी अडवलं नाही. पोरांनी उकळलेल्या पाण्याची बाटली मात्र त्याला नेऊन दिली, त्याच्या स्वतःच्या पिण्यासाठी. ही कल्पना माझी नव्हे.

शनिवारच्या गाडीनं बहीण सुरतेला जाईल. भाचीनं सगळं वहीत दोनदा उतरवलंय, एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत, तिथल्या शेजारच्या मैत्रिणींसाठी. जायच्या आधी एकदा आमरसाची कांडी करायची असं सगळ्यांचं म्हणणं आहे. आजी, पन्ह्याला वाटीला वाटी गूळ सांगितलात, पिकल्या आंब्याला किती घालू?

अमळनेरची आजी

गूळ नको घालू बाळा, आंब्याचा वास मरतो. गावठी आंबा आंबट निघाला तर चार पेल्यांना एक चमचा साखर पुरे. रस चाळणीतून काढ म्हणजे आंब्याचे रेषे दातात अडकणार नाहीत, आणि पाण्याऐवजी वाटीभर साईचं दूध घाल. कोया टाकू नको, पोरांना चोखायला दे आणि मगच अंगणात पुरायला लाव. पुढच्या आखाजीला आली की रोप किती झालं ते बघतील.

भुसावळ जंक्शन

आणि मामासाहेब, शुक्रवारी रात्री दहालाच कप्प्यात ठेवा, सकाळपर्यंत दार उघडू नका. सहा कांड्या सकाळी सुती फडक्यात गुंडाळून त्या दोन मिठाच्या बाटल्यांमध्ये जाड पिशवीत घातल्या, तर स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत टिकतील.